मुलाचा दुसरा ईईजी: औषध लागू पडतंय का, हे कसं पाहायचं

पहिला ईईजी काढायला येणारे आईवडील घाबरलेले असतात. दुसऱ्यांदा येतात तेव्हा त्यांचा एकच प्रश्न असतो: "ताई, औषधाने फरक पडलाय का, तेवढं सांगा." मी नाशिकमध्ये फिट येणाऱ्या मुलांचे ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचे आलेख, काढते. रिपोर्ट लिहिणं आणि औषध ठरवणं हे डॉक्टरांचं काम. माझं काम आलेख स्वच्छ आणि नेमका काढून देण्याचं. पण या प्रश्नाचं उत्तर नीट मिळावं म्हणून जी तयारी लागते, तिच्यातली निम्मी घरी करायची असते आणि ती कुणी सविस्तर सांगत नाही. म्हणून हे लिहिते आहे, पेठ-सुरगाण्याहून पहाटेची एसटी पकडून येणाऱ्यांसाठी आणि गंगापूर रोडवरून रिक्षाने येणाऱ्यांसाठीही.

आजीआजोबा सोबत असले की पहिली शंका शॉकची निघते. ती आधी मिटवू. हे यंत्र मुलाच्या डोक्यात वीज सोडत नाही, फक्त मेंदूतली वीज टिपतं. टीव्हीच्या रिमोटमधला एक सेल दीड व्होल्टचा असतो. डोक्याच्या कातडीवर मिळणारी मेंदूची वीज साधारण त्याच्या पंधरा हजाराव्या भागाइतकी, कधी त्याहूनही कमी. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरने १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूची अशी नोंद पहिल्यांदा घेतली आणि १९२९ मध्ये ती छापली. सुरुवातीच्या नोंदी त्याने ज्यांच्या डोक्यावरून घेतल्या, त्यांत त्याचा स्वतःचा मुलगाही होता. एखादी आजी फारच काळजीत असली की मी तिला हे सांगते.

आजाराचं नाव लिहून घ्या

दुसऱ्या ईईजीची तारीख घेण्याआधी डॉक्टरांना विचारा, "आमच्या मुलाला अपस्माराचा कोणता प्रकार आहे?" आणि उत्तर फाइलवर लिहून घ्या. "फिट येतात" एवढ्यावर थांबू नका. ईईजीवरून उपचार किती तोलता येईल, हे या नावावर ठरतं. काही प्रकारांत आलेख सुधारल्याशिवाय औषध लागू पडलं असं म्हणताच येत नाही. काही प्रकारांत आलेख वाईट दिसतो आणि मूल ठणठणीत असतं.

पहिल्या गटातला सगळ्यात तातडीचा आजार म्हणजे तान्ह्या बाळांचा वेस्ट सिंड्रोम. बाळ तीन ते बारा महिन्यांचं असतं. झोपेतून उठलं की एकामागून एक झटके येतात, मान पुढे जाते, हात वर उडतात, नमस्कार केल्यासारखं. घरचे म्हणतात दचकतंय, पोटात दुखतंय. विल्यम वेस्ट या इंग्लंडमधल्या डॉक्टरने १८४१ मध्ये आपल्याच बाळाचं हे दुखणं एका वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून कळवलं होतं, त्यावरून हे नाव पडलं. यात आलेखावर उंचच उंच, कशाचा कशाला मेळ नसलेल्या लाटा दिसतात. त्याला हिप्सॅरिदमिया म्हणतात. एसीटीएचची इंजेक्शनं, स्टेरॉइडचं तोंडाने द्यायचं औषध किंवा विगाबॅट्रिन सुरू केलं की साधारण दोन आठवड्यांत पुन्हा ईईजी काढतात आणि तो झोपेतला असावा लागतो. झटके थांबले पण आलेख तसाच असला, तर काम अर्धंच झालं. इथे तारीख पुढे ढकलू नका. घरी लग्न असो की कांदाकाढणी चालू असो, या बाळाचा ईईजी ठरल्या दिवशी झाला पाहिजे, कारण बाळाची बसायची, बोलायची वाढ त्यावर अडलेली असते.

दुसरा आजार शाळकरी मुलांचा, ॲबसन्स. मूल बोलता बोलता पाचदहा सेकंद गोठतं, पापण्या फडफडतात, मग काही झालंच नाही असं पुढे चालू. बाई म्हणतात लक्ष नाही, घरचे म्हणतात तंद्री लागते. आलेखावर सेकंदाला तीन या वेगाने टोक आणि लाट, टोक आणि लाट अशी रांग उमटते. याची परीक्षा सोपी आहे, मुलाला तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावायचं.

येवल्याची एक आठ वर्षांची मुलगी माझ्या डोळ्यांसमोर आहे. तिच्या हातात कागदाचं भिरभिरं दिलं आणि सांगितलं, हे थांबू द्यायचं नाही. दीड मिनिट झालं नाही तोच भिरभिरं थांबलं, ओठ तसेच पुढे राहिले, पडद्यावर रांग सुरू झाली. मी मोठ्याने म्हणाले, "पतंग." अकरा सेकंदांनी रांग संपली आणि ती पुन्हा फुंकायला लागली. विचारलं, "मी आत्ता काय म्हणाले?" ती म्हणाली, "काहीच नाही." येवल्याच्या पोरीला पतंग ऐकू आला नव्हता. औषध सुरू झाल्यावर काही महिन्यांनी ती परत आली. तेच भिरभिरं, तीच तीन मिनिटं. मधेच मी म्हणाले, "मांजा." फुंकणं संपल्यावर तिने आपणहून सांगितलं, "मांजा म्हणालात." पडद्यावर एकही रांग नव्हती. तिच्या आईच्या मते मुलीची तंद्री पहिल्या महिन्यातच गेली होती. पण लहान लहान झटके घरच्यांच्या नजरेतून निसटतात, म्हणून या आजारात आईच्या डोळ्यांबरोबर आलेखाचीही साक्ष लागते. एक सूचना याच जागी: कार्बामॅझेपिन आणि ऑक्सकार्बाझेपिन ही एरवी चांगली औषधं ॲबसन्स वाढवू शकतात. दुसरीकडे कुठे ती सुरू झाली असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

तिसरा प्रकार फसवा. मूल दिवसा बरं असतं, फिट क्वचित येते किंवा येतच नाही, पण येत असलेलं बोलणं, लिहिणं, पाढे हळूहळू विसरायला लागतं. झोप लागली की आलेखावर टोकं आणि लाटा झोपेच्या निम्म्याहून जास्त वेळ चालूच राहतात. यात जागेपणीचा ईईजी काढून फारसं हाती लागत नाही. औषधाचा उपयोग झाला का, हे शाळेची वही आणि झोपेतला आलेख शेजारी ठेवूनच कळतं. मागच्या सहा महिन्यांच्या वह्या सोबत आणा.

आता उलटा गट. रोलँडिक नावाचा अपस्मार साधारण तीन ते चौदा वर्षांच्या मुलांत दिसतो. पहाटे झोपेत तोंड एका बाजूला वाकडं होतं, लाळ गळते, बोलता येत नाही, पण मूल शुद्धीवर असतं. झोपेतला आलेख टोकांनी भरलेला असतो आणि पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. प्रत्यक्षात टोकांची संख्या आणि फिटांची संख्या यांचा इथे फारसा संबंध नसतो, आणि पंधरासोळा वर्षांपर्यंत हा आजार आपोआप निवतो. अशा मुलाच्या रिपोर्टवर "अजूनही अबनॉर्मल" असं आलं म्हणून औषध वाढवा असा आग्रह धरू नका. वर्षभरात एकही फिट नसेल तर उपचार लागू पडले आहेत.

बाकीच्या बऱ्याच मुलांत, म्हणजे जन्मताना बाळ गुदमरलं होतं, मेंदूला जुनी इजा आहे अशांत, फिटांची डायरी हेच मुख्य माप. तिथे ईईजी कारण असेल तेव्हा काढतात: फिट वाढल्या, नव्या तऱ्हेच्या आल्या, मूल मागे पडायला लागलं, किंवा औषध बंद करायचा विचार आहे. दर तीन महिन्यांनी सवयीने ईईजी काढत राहणं हा माझ्या मते पैशांचा आणि मुलाच्या झोपेचा अपव्यय आहे.

दोन आलेख एकाच मापाने काढलेले हवेत

हे मी माझ्या चुकीतून शिकले. नवीन होते तेव्हाची गोष्ट. सहा वर्षांच्या एका मुलाचा पहिला ईईजी झोपेत झाला होता, टोकं भरपूर होती. आठ महिन्यांनी दुसऱ्यांदा आला तो झोपलाच नाही. बाहेर रांग होती, मी जागेपणीचा पाऊण तास घेतला आणि सोडलं. रिपोर्ट नॉर्मल आला. वडिलांना वाटलं आजार संपला, त्यांनी आपल्या मनाने गोळ्या थांबवल्या. पंधरा दिवसांत मुलाला एवढी मोठी फिट आली की रात्री दवाखान्यात न्यावं लागलं. आलेख खोटा नव्हता, फक्त आधीच्याशी लावून पाहावा असा नव्हता. तेव्हापासून मी फॉर्मवर सगळ्यात वर लिहिते: आधीचा ईईजी जागेपणी की झोपेत, किती वाजता, किती वेळ.

तुम्हीही हेच करा. पहिला झोपेतला असेल तर दुसराही झोपेतला मागा. आधीचा रिपोर्ट नुसता आणू नका, नोंदच आणा. बहुतेक ठिकाणी कागदावर चारपाच पानं छापून देतात, पण पूर्ण नोंद सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर मिळते. घेताना मागून घ्या. नंतर ती सापडेलच असं नाही.

आदल्या दिवशी

डोकं शाम्पूने धुवा. तेल नको, कंडिशनर नको. बाळ असेल तर त्या दिवशी टाळू भरायची नाही. हे आजीला दोन दिवस आधीच सांगून ठेवा, कारण सकाळच्या गडबडीत हात सवयीने तेलाच्या वाटीकडे जातो. तेलाच्या थरातून इतकी बारीक वीज नीट पोचत नाही आणि आलेखावर नुसता खरखराट येतो. कपाळावरची तीट पुसून आणा, आमच्या दोन तारा तिथेच लागतात. वेण्या घालू नका.

औषध चुकवू नका. हे दहादा सांगावं लागतं. "औषध न देता आणलंय, म्हणजे खरं दिसेल," असं म्हणणारे वडील मला दर महिन्याला भेटतात. आपल्याला औषध चालू असतानाचा मेंदू पाहायचा आहे, आणि एक डोस चुकला तरी फिट येऊ शकते. डॉक्टरांनी स्वतः सांगितलं असेल तेवढाच अपवाद. सगळ्या औषधांची नावं, किती मिलिग्रॅम, किती वाजता दिलं, हे कागदावर लिहून आणा. क्लोबाझाम आणि फिनोबार्बिटोनमुळे आलेखावर बारीक जलद लाटा वाढतात. ते माहीत असलं की वाचणाऱ्याला शंका राहत नाही.

खाऊपिऊ घालून आणा. उपाशी मुलाची साखर उतरली की आलेख बदलतो. झोपेचं औषध द्यायचं ठरलं असेल तर मात्र खाण्याचे नियम वेगळे, ते आधी विचारून घ्या. ते औषधही डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानेच द्यायचं, शेजारच्या मुलाला दिलं होतं तेवढं नाही.

आता जागरणाचं. मोठ्या मुलाला रात्री उशिरा झोपवून पहाटे चारला उठवा असं सांगितलं जातं. तुम्ही ते मनापासून करता, आणि सुरगाण्याहून निघालेल्या एसटीत खिडकीचा वारा लागला की मूल दीड तास गाढ झोपतं. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर उतरतं ते ताजंतवानं, आणि माझ्या खोलीत डोळे टक्क उघडे. म्हणून सोबत दोन मोठी माणसं या. एक जण वाटभर त्याला बोलतं ठेवेल: गाड्या मोजा, भेंड्या खेळा, मांडीवर आडवं होऊ देऊ नका. जागरण झालेल्या मुलाला दुचाकीवर मागे बसवून आणू नका; पेंगलं तर पडेल, आणि जागरणाने फिटही येऊ शकते. फिट थांबवण्यासाठी नाकात मारायचा मिडॅझोलामचा स्प्रे दिलेला असेल तर तो पिशवीत हवा. तान्ह्या बाळाला जागरण नको. त्याची दूध पिण्याची आणि झोपेची वेळ थोडी पुढे ढकला, तारा लावून झाल्या की आईने पाजावं. बहुतेक बाळं दहा मिनिटांत झोपतात.

त्या दिवशी खोलीत

मी आधी टेपने डोकं मोजते, नाकाच्या मुळापासून मागच्या हाडापर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. खुणा करून एकवीस तारा लावते, दहा-वीस नावाच्या पद्धतीने. जगभर हीच पद्धत चालते, म्हणून नाशिकचा आलेख मुंबईच्या डॉक्टरांनाही वाचता येतो. प्रत्येक जागेला नाव असतं. विषम आकडे डावीकडचे, सम उजवीकडचे. रिपोर्टमध्ये सी-३ किंवा सी-४ दिसलं तर बाजू तुम्हालाही ओळखता येईल. पेस्ट चिकट आणि गार असते, घासताना थोडं खरखरतं, दुखत नाही. घरी कोमट पाण्याने निघते.

नोंद कमीत कमी वीस मिनिटांची असते, झोपेसह तासभर धरा. मधे लखलखता दिवा दाखवतात, तोही आधी एकेकदा, मग सेकंदाला वीस-तीस वेळा. जोरात श्वास घ्यायला लावतात तेव्हा लहान मुलांत लाटा संथ आणि मोठ्या होणं स्वाभाविक असतं. पडद्याकडे पाहून घाबरू नका.

इथे आदिवासी भागातून येणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबकेश्वर या पट्ट्यात सिकलसेल आढळतो. मुलाला सिकलसेल असेल, किंवा घरात कुणाला असेल आणि मुलाची तपासणी झाली नसेल, तर खोलीत शिरतानाच सांगा. अशा मुलाला जोरजोरात श्वास घ्यायला लावत नाहीत, कारण त्याने मेंदूच्या रक्तपुरवठ्याला धोका होऊ शकतो. फॉर्मवर हा प्रश्न नसला तरी तुम्ही सांगा. तीव्र दमा आणि हृदयाचा आजार हेही सांगा.

नोंद चालू असताना मुलाला नेहमीसारखा झटका आला तर ओरडू नका, "हेच, हेच ते" एवढं म्हणा. मी त्या सेकंदावर खूण करते. त्या एका खुणेइतकं मोलाचं दुसरं काही मिळत नाही.

रिपोर्ट हातात आल्यावर

"नॉर्मल" वाचून औषध बंद करू नका आणि "अबनॉर्मल" वाचून रडू नका. अपस्मार असलेल्यांतही पहिल्या ईईजीत साधारण निम्म्यांचाच दोष दिसतो. उलट, आयुष्यात कधी फिट न आलेल्या शंभर मुलांतही दोनचार जणांच्या आलेखात टोकं सापडतात.

डॉक्टरांपुढे बसल्यावर चार गोष्टी विचारा. आधीच्या मानाने टोकं कमी झाली का आणि पसरलेली आहेत की एकाच जागी आहेत. दोन्ही नोंदी झोपेतल्या होत्या का. बॅकग्राउंड, म्हणजे टोकं सोडून उरलेला एरवीचा आलेख, वयाला साजेसा आहे का. जागेपणी डोळे मिटल्यावर डोक्याच्या मागच्या भागातला ताल वर्षाच्या मुलात सेकंदाला सहाच्या आसपास, तीन वर्षांच्या मुलात आठ आणि दहा वर्षांच्या मुलात नऊ-दहा असतो, आणि तो वयाप्रमाणे वाढत जाणं ही चांगली खूण आहे. आणि चौथी, आलेख आणि डायरी एकच गोष्ट सांगताहेत का.

डायरी म्हणजे दुकानातली साधी वही. तारीख, वेळ, झोपेत की जागेपणी, किती मिनिटं, कोणती बाजू, ताप होता का, आणि औषधाचा डोस चुकला होता का. शेवटचा रकाना प्रामाणिकपणे भरा. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाची छाटणी सुरू झाली की आईवडील दोघंही दिवसभर बागेत असतात आणि संध्याकाळचा डोस रात्री अकरावर जातो, हे मला ठाऊक आहे. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण वहीत ते नसलं, तर औषध निकामी ठरवून दुसरं सुरू होतं, आणि पहिलं नीट मिळालेलंच नसतं. झटक्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा. काढणारा एक, मुलाला कुशीवर वळवणारा दुसरा. तोंडात चमचा नाही, नाकाला कांदा-चप्पल नाही. पाच मिनिटांत थांबलं नाही तर दवाखाना.

खर्चाची अडचण असेल तर अंगणवाडीत किंवा शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला गाठा. २०१३ पासूनचा हा कार्यक्रम अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे, त्याच्या यादीत झटक्यांचा आजार आहे आणि पथकाची चिठ्ठी घेऊन त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिलमध्ये जाता येतं.

औषध थांबवण्याआधीचा ईईजी

दोन वर्षं एकही फिट नाही, असं झालं की बहुतेक डॉक्टर औषध कमी करण्याचा विषय काढतात आणि त्याआधी ईईजी सांगतात. आलेख स्वच्छ असला तर फिट परतण्याची शक्यता कमी, टोकं असली तर जास्त. हमी कोणत्याच बाजूने नसते. सकाळी उठल्यावर हात उडून चहाचा कप निसटणाऱ्या किशोरवयीन मुलांचा एक प्रकार असतो, त्यात आलेख नॉर्मल आला तरी औषध थांबवल्यावर फिट बहुधा परततात. पुन्हा आजाराच्या नावाशीच येऊन पोचलो.

औषध आठवड्यांनी, महिन्यांनी, पायरीपायरीने उतरवतात. हा काळ परीक्षेच्या किंवा यात्रेच्या दिवसांत येणार नाही असं डॉक्टरांशी बोलून ठरवा. त्या महिन्यांत रात्री कुणीतरी मुलाच्या खोलीत झोपावं, न्हाणीघराला आतून कडी नको, आणि मळ्यातल्या विहिरीवर, गंगापूरच्या कालव्यात किंवा रामकुंडावर त्याला एकट्याने पोहायला जाऊ देऊ नका. शेवटची गोळी थांबल्यानंतरही निदान वर्षभर वही चालू ठेवा.